जानस खानाची निवडणूक

जानस खानाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो दोन भांडणाऱ्या माणसांच्या मधे दगड ठेवत होता. कुवेतमधल्या राईच्या आमच्या गल्लीत भर दुपारी दोन पठाण ड्रायव्हर एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. एकाच्या हातात टायर काढायची पहार, दुसऱ्याच्या हातात साखळी. कारण काय, तर माल भरायची पाळी कोणाची. मी माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं, कारण अशा वेळी पहिली फुटते ती दुकानाची काच. तेवढ्यात समोरच्या आवारातून एक उंच, पन्नाशी ओलांडलेला माणूस बाहेर आला. अंगात तेलकट सलवार-कमीज, डोक्याला मात्र स्वच्छ पांढरा फेटा. कुवेतात दगड मिळणार कुठे? त्याने पडक्या कुंपणाचा काँक्रीटचा एक तुकडा उचलला, दोघांच्या बरोबर मधे ठेवला आणि एक शब्द न बोलता परत जाऊन कामाला लागला. ते दोघे आपापल्या वाटेने चालते झाले.

मला वाटलं, म्हातारा वेडा आहे आणि हे दोघे त्याच्याहून वेडे. शेजारच्या गॅरेजवाल्याने समजावलं, "तो मलिक आहे त्यांचा, टोळीचा पुढारी. तो दगड उचलला जाईपर्यंत कोणी कोणावर हात टाकायचा नाही. मग बसून निकाल लावतील." तो तुकडा पुढे कित्येक दिवस रस्त्यात तसाच पडून होता. पाण्याचे टँकरसुद्धा त्याला वळसा घालून जायचे. पहार घेऊन धावलेला सैदवली तर येता-जाता त्याच्याकडे असा बघायचा, जणू तिथे त्याचा बापच बसलाय.

पुढारी म्हटला की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकतो. मी म्हसळ्याचा. आमच्याकडच्या एका साकवाचं उद्घाटन तीन पुढाऱ्यांनी तीनदा केलं, आणि लोक अजून पाण्यातूनच जातात. तेव्हा समोरचा माणूस पुढारी आहे म्हटल्यावर मी त्याच्याशी कामापुरतं बोलायचं ठरवलं होतं. पण तो ट्रकच्या कमानी दुरुस्त करायचा आणि त्याला लागणारे बोल्ट माझ्याकडे मिळायचे, त्यामुळे ते काही जमलं नाही.

हळूहळू त्याची सगळी कारकीर्द माझ्या कानावर पडली. पेशावरच्या पलीकडच्या डोंगरातली त्याची टोळी. बाप गेला तेव्हा हा जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा, आणि जिरग्याने, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या बैठकीने, बापाचा फेटा याच्या डोक्यावर बांधला. पहिलाच तंटा आला तो झऱ्याच्या पाण्याचा. दोन घराणी त्यापायी माणसं मारत होती. याने आपल्या शेताची पाण्याची पाळी एकाला देऊन टाकली आणि तंटा मिटवला. त्याची आई नंतर एक हंगामभर त्याच्याशी बोलली नाही. माझ्या ओळखीतल्या कुठल्याही पुढाऱ्याने स्वतःच्या विहिरीचं पाणी दिल्याचं मी ऐकलेलं नाही, म्हणून हे ऐकल्यावर मी त्याला पहिल्यांदा चहा पाजला.

तो कुवेतला आला तोही मलिक असल्यामुळेच. मलिकाच्या दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही, आणि जेवणारे रोज येतात. फेटा सांभाळायचा तर पैसा हवा, पैसा हवा तर राईत येऊन हातोडा मारायला हवा. दर शुक्रवारी त्याच्या आवारात पठाण ड्रायव्हर जमायचे आणि भांडणं, सोयरिकी, कोणाच्या घरी काय कळवायचं, सगळं तिथे ठरायचं. गावाकडच्या मलिकांना तो कॅसेटवर भाषणं भरून पाठवायचा. पण आवारात हातोड्यांच्या आवाजात कॅसेट कशी भरणार? आमच्या फरवानियाच्या घरी टेपरेकॉर्डर होता. असा हा माणूस माझ्या स्वयंपाकघरात शिरला आणि माझ्या बायकोचा भाऊ होऊन बसला.

अस्माला पुश्तूतलं अक्षर कळत नव्हतं. पण ती भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि मधेच टेप बंद करायची. "भाईजान, ये तुम चिल्लाता बहुत है. जो लोग घर में बैठके सुनेंगा, वो डर जाएंगा." आणि तो, ज्याच्या एका दगडापुढे सगळी गल्ली गप्प बसायची तो, निमूटपणे कॅसेट मागे घेऊन पुन्हा हळू आवाजात बोलायचा.

त्या कॅसेटमधे असायचं ते एकच. त्याच्या मुलखात तेव्हा साध्या माणसाला मत नव्हतं. देशाच्या संसदेत त्यांच्या भागातून माणूस जायचा तो फक्त मलिकांच्या मतांवर. पुढाऱ्यांनीच पुढारी निवडायचा, असला प्रकार. जानस खान स्वतः मलिक, तरी त्याला हे मोडायचं होतं. प्रत्येक माणसाला मत मिळालं पाहिजे, हे संसदेत उभं राहून बोलायचं, एवढ्यासाठी त्याला निवडून यायचं होतं.

"प्रत्येक मानसाला म्हंजे?" अस्माने मला विचारलं. "बायकांना पन काय?"

मी तिचा प्रश्न जानस खानापुढे ठेवला. तो दाढी खाजवत बसला. "बहन, पहले मर्द को तो मिले."

"मर्द को मिला के औरत को भूल जाएंगे. सब वैसाच करते."

हा वाद त्यांचा वर्षभर चालला. ती त्याला जेवायला वाढायची, आणि वाढता वाढता टोचायची. शेवटी एका ईदेला, शेवया खाताना, तो म्हणाला, "ठीक है. संसद में हम बोलेगा, औरत को भी दो. हमारा लोग हमको जूता मारेगा, पर बोलेगा. तुमको ज़बान दिया." अस्माने मला डोळ्यांनी खुणावलं, बघितलंस का म्हणून. तिला आमच्या म्हसळ्याच्या सरपंचाचं नाव धड आठवत नव्हतं, पण त्या दिवसापासून ती जानस खानाच्या निवडणुकीची कार्यकर्ती झाली.

अठ्ठ्याऐंशी साली तो पडला. थोडक्यात पडला. त्याच्या चुलतभावाने मलिकांना सांगितलं की हा परदेशी झालाय, कुवेतची हवा लागलीय. परत आल्यावर जानस खान म्हणाला की आता एकदाच, पुढच्या वेळी, मग वय संपलं. अस्माने त्याला कडक चहा दिला आणि नवी कोरी कॅसेट समोर ठेवली.

नव्वदच्या ऑगस्टमधे इराकी फौज आली. एका सकाळी उठलो तर चौकाचौकात रणगाडे. माझं दुकान त्यांनी नट-बोल्टासकट रिकामं केलं. पावासाठी रांगा लागल्या. पण मला खरी धास्ती होती अस्माची. आमची मुलगी अदिबा जन्मली तेव्हापासून अस्माला साखरेचा आजार होता आणि रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागायचं. दवाखान्यातल्या आमच्या एका मराठी नर्सबाईंनी महिना-दीड महिना पुरेल एवढ्या बाटल्या मिळवून दिल्या आणि बजावून सांगितलं की हे थंड ठेवा, उन्हात गेलं की नुसतं पाणी समजा.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी जानस खान रेडिओ हातात घेऊन घरी आला. त्याच्या देशातलं सरकार बरखास्त झालं होतं आणि ऑक्टोबरात निवडणूक लागली होती. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं, आणि आलं ते असं.

"मग निघा ना," मी म्हटलं. "बसून काय राहिलात?"

तो अस्माकडे वळून म्हणाला, "बहन, अम्मान तक बदरगा हमारा."

बदरगा म्हणजे काय ते मला सैदवलीने नंतर सांगितलं. पठाणाने एखाद्याला वाटेतून सुखरूप न्यायची जबाबदारी घेतली की मुक्कामाला पोचेपर्यंत त्या माणसाचा जीव हा त्याच्या घराण्याचा जीव. वाटेत त्याला काही झालं तर घराण्याचं नाव गेलं. आणि हे जाहीर बोलून घ्यायचं असतं, मनातल्या मनात नाही. जानस खानाने आमच्या स्वयंपाकघरात, माझ्यादेखत आणि सात वर्षांच्या अदिबादेखत, ते बोलून घेतलं.

मायदेशी जाणारी विमानं जॉर्डनमधल्या अम्मानहून सुटत होती, तिकडे आम्ही त्याच्या ट्रकमधून निघालो. मागे ताडपत्री, ताडपत्रीखाली आम्ही आणि आणखी चार कुटुंबं. इन्सुलिनचा थर्मास मात्र पुढे त्याच्याजवळ, सीटवर, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. बसऱ्याला बर्फ मिळेना, तेव्हा त्याने आपली पान्यांची अख्खी पेटी एका मासळीवाल्याला देऊन बर्फ घेतला. बगदादजवळ सैनिकांनी ट्रक अडवला तर हा आधी थर्मास घेऊन खाली उतरला आणि तो सावलीत ठेवून मगच त्याने हात वर केले. अस्मा ताडपत्रीच्या फटीतून बघत होती. मला म्हणाली, "बग, ह्यो मानूस उद्या संसदेत बसनार हाय, नी आज माझी बाटली सांबालतोय."

जॉर्डनच्या हद्दीशी सगळं अडलं. इराकची चौकी मागे पडलेली, जॉर्डनची पुढे, आणि मधल्या उघड्या माळावर हजारो माणसं बसलेली. ट्रक पुढे सोडत नव्हते. देशादेशाच्या रांगा वेगळ्या, तंबू वेगळे. पाकिस्तान्यांच्या बसगाड्या त्याच दिवशी अम्मानला सुटत होत्या. भारतीयांच्या एक-दोन दिवसांत येणार असं सांगत होते. जानस खानाचा निवडणुकीचा अर्ज भरायची मुदत संपत आली होती. आज अम्मानला गेला तर विमान मिळून गाव गाठता येणार होतं, नाहीतर नाही.

तो आमच्या चादरीच्या कडेला बसून राहिला. सैदवली मागच्या ट्रकने आमच्या मागोमाग पोचला होता. तो येऊन दोनदा सांगून गेला की बस भरतेय. हा हलेना.

अस्मा उठून बसली. "भाईजान, आप जाओ."

"अम्मान तक बोला था."

"अम्मान वो क्या सामने तो है. इधर अपने लोग हैं, डॉक्टर है, बर्फ है. मैंने छोड़ दिया आपको. ज़बान दिया था ना, औरत को मत दिलाएगा? इधर रेत में बैठके दिलाएगा क्या?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही म्हटलं, जा. का म्हणणार नाही? आमच्या तंबूत एक तरुण डॉक्टर होता, संध्याकाळी बर्फाची गाडी येत होती, आणि गोष्ट होती एक-दोन दिवसांची. जानस खान उठला, तंबूत गेला, डॉक्टरचा हात थर्मासवर ठेवायला लावला आणि त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मग अदिबाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बसकडे गेला.

बसगाड्या एक-दोन दिवसांत आल्या नाहीत. बर्फाची गाडी एक संध्याकाळ आली, पुढे आली नाही. पिण्याचं पाणी कपाने मोजून मिळू लागलं. डॉक्टरने हात टेकले नाहीत, हे मी कुठेही सांगेन, पण त्याच्याजवळ होतं काय? थर्मासमधलं पाणी हाताला चहासारखं लागू लागलं. इंजेक्शन देत होतो, पण नर्सबाई म्हणाल्या तसं ते नुसतं पाणीच झालं असावं. अस्माला उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालू लागला, ती बरळू लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. सैदवलीला त्या दिवशी बसमधे जागा मिळाली नव्हती, तो अजून त्याच्या रांगेतच होता. त्याने आणि आणखी दोघांनी त्या कडक जमिनीत कबर खणली. मी अदिबाला घेऊन तंबूच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. तिला दिसू नये म्हणून उभा होतो, असं मी तेव्हा म्हटलं. खरं तर मलाच बघवत नव्हतं.

बसगाड्या आल्या त्या नंतर. मला त्यांचा अजून राग येतो. गाडीला राग कळत नाही, पण म्हणून काय मला येऊ नये?

अदिबाला म्हसळ्याला माझ्या बहिणीपाशी ठेवून मी एक्याण्णवच्या ऑक्टोबरात कुवेतला परतलो. तेलविहिरींच्या आगी अजून पुरत्या विझल्या नव्हत्या. अहमदीच्या बाजूचं आभाळ काळं, आणि शर्टाची कॉलर दुपारपर्यंत काजळलेली. दुकानात चार भिंती होत्या, तेवढ्याही नशिबाच्या. तिथे मला सैदवली भेटला आणि जानस खानाच्या निवडणुकीचं त्याने सांगितलं.

अर्ज वेळेत भरला गेला होता. या खेपेला मलिक याच्या बाजूला वळले होते. कॅसेटी ऐकून ऐकून त्यांना ते पटलं होतं म्हणे, आणि याच्या आवाजात पूर्वीसारखी जरब राहिली नव्हती, तेही त्यांना आवडलं होतं. मतदान तोंडावर आलं असताना सैदवली गावी पोचला. त्याने अस्माची बातमी एकट्या जानस खानाला, बाजूला घेऊन सांगितली. गावात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. कळायचं कारणही नव्हतं. ना अस्मा त्यांच्या टोळीची, ना त्यांच्या देशाची.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या मलिकांना बोलावलं. याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या चुलतभावालाही बोलावलं. आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मी एका बाईचा बदरगा घेतला होता, अम्मानपर्यंत बोललो होतो, आणि एक टप्पा आधी खुर्चीसाठी सोडून आलो. ती मेली.

मलिक म्हणाले, तिने स्वतः तुला मोकळं केलं, सैदवली साक्षीला आहे. चुलतभाऊसुद्धा म्हणाला म्हणे, यात तुझा दोष धरता येत नाही. वैऱ्याने एवढं म्हणावं, म्हणजे बघा. पण जानस खान म्हणाला, "ज्याला पोचवायचं त्याला आपल्याला मोकळं करायचा हक्क नसतो. तो भिडेखातर मोकळं करणारच. आपण सुटतो ते मुक्कामाला पोचल्यावर." त्याने डोक्याचा फेटा काढला, चुलतभावापुढे ठेवला आणि निवडणुकीतून बाजूला झालो असं सांगितलं. चुलतभाऊ निवडून आला. सगळ्यांना मत वगैरे गोष्ट त्याने कधी काढली नाही.

हे ऐकून मला जानस खानाचा भयंकर राग आला. कोणी मागितला होता हा हिशेब? मी मागितला होता? वर्षानुवर्षांची धडपड एका दुपारी उधळून टाकायची आणि त्याचं ओझं माझ्या मेलेल्या बायकोच्या नावावर घालायचं, हा कुठला न्याय? मी सैदवलीवर ओरडलो, तो बिचारा ऐकून घेत राहिला.

काही आठवड्यांनी जानस खान स्वतः आला. डोकं उघडं. तेवढ्याने तो ठेंगणा वाटत होता. हातात दोरी आणि दोरीला मेंढी. माझ्या दुकानाच्या दारात, बाहेर, जमिनीवर बसला. ज्याचा अपराध केला त्याच्या दारी मेंढी घेऊन जायचं आणि त्याने कापू दिली तर माफी मिळाली असं मानायचं, ही त्यांची रीत मला एव्हाना कळली होती.

"उठा," मी म्हटलं. "माझ्या मनात काही नाही. तेव्हाही नव्हतं. माफ करायला झालंय काय?"

"तुम्हारा पास नहीं है माफी," तो म्हणाला. "उसके पास था." मग खालमानेने विचारलं, "आखिर में क्या बोला उसने? तुम पास था. बताओ."

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बहिणीला नाही, अदिबाला नाही. सांगू नये असंही वाटलं. पण तो माझ्या दारात धुळीत बसला होता आणि त्याच्याशिवाय ते विचारणारं मला कोणी भेटलंही नव्हतं. बाकीचे सगळे विचारायचे ते नुकसानभरपाईचं.

म्हणून मी सांगितलं. शेवटच्या दुपारी तिला दिवस-वार कळत नव्हते. निवडणूक होऊन गेली असं तिला वाटत होतं. माझा हात धरून ती म्हणाली होती, "भाईजान निवडून आले काय?"

जानस खानाने मान वर केली. "तुमने क्या कहा?"

"मी म्हटलं, आले. भरपूर मतांनी आले."

"फिर?"

"हसली. म्हणाली, 'बरा झाला. मंग आता बायकांचं बोलतील ते. ज़बान दिलीय.' मग पाणी मागितलं. त्यानंतर काही बोलली नाही."

त्याने मेंढीची दोरी मनगटाला गुंडाळून घेतली.  मग अगदी हळू, माझ्या स्वयंपाकघरात ती बोलायला लावायची तेवढ्या हळू, तो म्हणाला, "वो हमको जिता के गई. हमने उसको हरा दिया."

 नाही, तसं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण तसंच होतं. मी शटर खाली ओढलं आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. मेंढी दोरी ओढत होती. गल्लीतले लोक बघत होते, बघोत. अस्मा गेल्यापासून मी रडलो नव्हतो. त्या दुपारी जानस खानाच्या खांद्यावर डोकं टेकून मी ऊर फुटेस्तोवर रडलो, आणि तोही.